बरोबर उत्तराची लाल खूण

ऑफिसात त्यांना सगळे मामा म्हणत. कोणी सुरू केलं ते आता कोणालाच सांगता आलं नसतं. मामांना सख्खा भाचा एकच, आणि तोही ताईबरोबर लांबच्या शहरात. पण ऑफिसातली पंचविशी-तिशीतली पोरं मामा म्हणू लागली आणि पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या या माणसाला घरबसल्या डझनभर भाचरं मिळाली. घरबसल्या म्हणजे ऑफिसात बसल्या. घरी बसायची त्यांना हौस नव्हतीच.

कंपनी लहानशी. नवशिक्यांना पायथन शिकवायची. कॉम्प्युटरला कामं सांगायच्या ज्या भाषा आहेत, त्यांतली ही एक सोपी. शिकणाऱ्यानं आपल्या घरी धडा वाचायचा, खाली दिलेल्या उदाहरणासाठी चार-सहा ओळींचा प्रोग्राम लिहायचा आणि बटण दाबायचं. मग कंपनीचा दुसरा एक प्रोग्राम, त्याला सगळे नुसतं ‘तपासणी’ म्हणत, तो शिकणाऱ्याचा प्रोग्राम चालवून बघे, आलेलं उत्तर आपल्याजवळच्या उत्तराशी ताडून पाही आणि हिरवी नाहीतर लाल खूण देई. मध्ये मास्तर नाही, छडी नाही, शाबासकी द्यायलाही कोणी नाही.

पण तपासणी लिहिणारी शेवटी माणसंच. चुका त्यांच्याही व्हायच्या. म्हणून लाल खुणेखाली एक बटण ठेवलेलं होतं: ‘माझं उत्तर बरोबर आहे’. ते दाबलं की तक्रार मामांच्या पेटीत पडे. पोरांनी त्या पेटीला नाव ठेवलं होतं ‘वाकडं अंगण’. नाचता येईना की माणूस अंगणाला नावं ठेवतो, त्यातला प्रकार. मामांचं काम एवढंच, की अंगण खरोखरच वाकडं आहे का ते वाकून बघायचं.

बहुतेक वेळा ते सरळ असे. कोणी उत्तराच्या शेवटी एक मोकळी जागा सोडलेली असे, आणि तपासणी तर अक्षराला अक्षर लावून बघणारी, तिला ती न दिसणारी जागासुद्धा खटके. कोणाचा प्रोग्राम गोल गोल फिरत राही आणि थांबायचं नावच घेत नसे. एका पठ्ठ्यानं तर पंचवीस उत्तर येतं हे पाहून सरळ ‘पंचवीस छाप’ एवढंच लिहिलं होतं. तपासणीनं त्याला आनंदानं हिरवी खूण दिली. पुढच्या उदाहरणात मात्र त्याची दांडी गुल झाली, आणि उलट त्यानंच तक्रार केली. मामा ते वाचून एकटेच हसले होते. पूर्वी असं काही आलं की ते खुर्ची वळवून मोठ्यानं वाचून दाखवत आणि सगळी खोली हसे. आता खुर्ची वळवली तरी समोर खुर्च्याच असत.

कारण पोरं घरून काम करू लागली होती. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस, मग सगळेच. मॅडमनी, म्हणजे मामांच्या साहेबांनी, मामांनाही सांगितलं होतं, “मामा, तुम्हीसुद्धा घरूनच करा की. कशाला धावपळ?”

“मला इथंच बरं पडतं,” मामा म्हणाले होते.

ते खरंच होतं. घरी दोन खोल्या. आई होती तोवर दुसऱ्या खोलीतून खोकल्याचा, रेडिओचा, ‘आलास का रे’चा आवाज असे. आई गेल्यावर ती खोली तशीच राहिली. मामा तिथं वाळलेले कपडे ठेवत. ऑफिसात निदान लिफ्टवाला होता, “आज उशीर?” एवढं तरी विचारणारा. शेजारच्या कंपनीतली माणसं पाण्याच्या मशीनपाशी भेटत, मान हलवत. ताईचा फोन रविवारी येई. “जेवलास?” “जेवलो.” “तब्येत?” “ठीक.” मग ताई भाच्याच्या परीक्षा, घराचं रंगकाम, मेहुण्यांचं गुडघेदुखीचं रडगाणं सांगे, आणि मामा हूं हूं करत. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात येई, की शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून आपण हे पहिल्यांदाच बोललो.

बाकी जगाशी बोलणं व्हायचं ते वाकड्या अंगणातून. आणि तेही धड मामांशी नसे. तक्रार करणाऱ्यांना वाटे, उत्तरही मशीनच देतं. उत्तराखाली सही असे ‘साहाय्य विभाग’. मजकूरही ठरलेला: आपली तक्रार मिळाली, आपल्या प्रोग्राममध्ये अमुक अडचण आहे, पुन्हा प्रयत्न करा. कोणी शिव्या घालत, कोणी नुसतं ‘???’ पाठवत. आभार क्वचितच. लिफ्टचे आभार कोण मानतं?

अशात एक दिवस एका सिस्टरांची, म्हणजे निवृत्त नर्सबाईंची, तक्रार आली.

उदाहरण अगदी पहिल्या धड्यांतलं होतं. वापरणाऱ्याकडून वय घ्यायचं आणि पुढच्या वर्षी ते किती होईल ते छापायचं. तपासणी चाळीस देणार, एक्केचाळीस आलं की हिरवी खूण. तक्रारीत लिहिलं होतं:

“उत्तर एक्केचाळीसच येत आहे. मी चष्मा बदलून पाहिले. तरी लाल. मी चाळीस वर्षे परिचारिका होते, आकडे वाचायला चुकत नाही.”

मामांनी प्रोग्राम उघडला आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. बाईंनी वय घेण्याआधी वापरणाऱ्याला प्रश्न छापला होता: ‘नमस्कार. राग येणार नसेल तर आपलं वय सांगता का?’ आणि मग पुढच्या ओळीत एक्केचाळीस. तपासणीला हवं होतं नुसतं एक्केचाळीस. तिच्या पुढ्यात आलं नमस्कारापासूनचं सगळं बाड. तिनं लाल खूण दिली.

ठरलेलं उत्तर होतंच: ‘प्रश्न छापू नका, फक्त उत्तर छापा.’ मामांनी ते पाठवून दिलं. तासाभरात उलट मेसेज.

“म्हणजे काही न विचारता माणसाच्या तोंडाकडे नुसतं बघत बसायचं? त्याला कळणार कसं, आपल्याला काय हवं आहे ते? आमच्या वॉर्डात आधी विचारायचं आणि मग टोचायचं, अशी शिस्त होती. तुम्ही मशीन आहात, तुम्हाला त्याचं काय म्हणा.”

मामांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी ठरलेला मजकूर पुसला आणि लिहिलं: “मी मशीन नाही. माणूस आहे. तुमचं म्हणणं बरोबर आहे. अंगणच वाकडं आहे. दुरुस्त करतो.”

अंगणाचं बाईंना काय कळणार, हे पाठवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पण तीर सुटला होता.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. प्रश्न म्हणून जे काही छापलं जाईल ते तपासणीनं बाजूला ठेवायचं आणि उरलेलं उत्तर पाहायचं. दुपारपर्यंत झालं. सिस्टरांच्या प्रोग्रामला, नमस्कारासकट, हिरवी खूण मिळाली. संध्याकाळी मेसेज आला:

“हिरवी आली! दोनदा बघितली. माणूस आहात हे वाचून बरं वाटलं. इतके दिवस मी मशीनला वाटेल ते बोलले, ते मनावर घेऊ नका. तुम्हाला काय म्हणायचं?”

“ऑफिसात मामा म्हणतात.”

“मी सत्तरीची आहे. मला मामा म्हणणं जमायचं नाही. बाळा म्हणेन, चालेल?”

मामांनी ‘चालेल’ लिहिलं. मग उगीचच उठून पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन आले. पेला भरून घ्यायचा विसरले.

पुढचे काही आठवडे मामांचे बरे गेले. सिस्टर अडत, विचारत, आणि विचारताना दोन ओळी जास्तीच्या लिहीत. ‘बाळा, या ओळीला चार जागा आत का ढकलायचं? न ढकलून काय बिघडतं?’ मामा समजावून सांगत: जी कामं एका अटीखाली येतात ती तेवढी आत सरकवायची, म्हणजे कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते कळतं. उलट उत्तर येई, ‘म्हणजे वॉर्डातले पेशंट वॉर्डातच, व्हरांड्यात नाहीत. समजलं.’ मामा वाट पाहू लागले. सकाळी लिफ्टमध्ये असतानाच मोबाइलवर पेटी उघडत. त्यांनी मनातल्या मनात सिस्टरांचं घरही उभं केलं होतं: एक खोली, एक खिडकी, खिडकीशी एकटीच बसलेली म्हातारी बाई, चष्मा नाकावर घसरलेला. आपल्यासारखीच. नाहीतर सत्तराव्या वर्षी पायथन कोण शिकेल?

सिस्टर हुशार होत्या. हेच पुढं गोत्यात आणणारं ठरलं. त्या अडेनाशा झाल्या. हिरव्यामागून हिरव्या खुणा पडत गेल्या आणि मेसेज विरळ होत होत थांबले. शिकणाऱ्यांचे प्रयत्न मामांना दिसत. ते दिवसातून एकदा सिस्टरांचं पान उघडून बघत. हिरवी, हिरवी, हिरवी. बोलायला कारणच उरलं नव्हतं. ज्याचं नीट चाललंय तो कशाला तक्रारपेटीशी येईल? मामांना पहिल्यांदाच आपल्या धंद्यातली ही गोम दिसली. आपण काम जितकं चोख करू, तितकं आपल्याशी कोणी बोलणार नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या कोणाची तरी तक्रार आली, पुढच्या एका उदाहरणावर. एका रुग्णाच्या तापाच्या नोंदी दिलेल्या, त्यांची सरासरी काढायची. कॉम्प्युटर अपूर्णांकांची बेरीज करताना कधीकधी शेवटी कचरा सोडतो. सदतीस पूर्णांक तीन यायच्या जागी सदतीस पूर्णांक तीन, मग शून्यांची लांबलचक रांग आणि शेपटाला एक चार. ज्यानं तपासणी लिहिली त्यानं तो शेपटासकटचा आकडाच बरोबर उत्तर म्हणून ठेवला होता. कोणी समंजसपणे तो सदतीस पूर्णांक तीनवर आणून छापला की लाल.

मामांना चूक पाहताक्षणी कळली. दुरुस्ती सोपी होती: दोन आकडे जवळजवळ सारखे असले तरी चालतील, असं सांगायचं. तक्रार करणाऱ्याला त्यांनी हातानं हिरवी खूण देऊन टाकली. तपासणी उघडली. आणि मग त्यांच्या मनात आलं, की सिस्टर दोन-चार दिवसांत याच उदाहरणाशी येतील.

तापाची सरासरी. चाळीस वर्षं थर्मामीटर हातात धरलेली बाई. ती कशाला शेपूट ठेवतेय? ती सदतीस पूर्णांक तीनच लिहिणार. तिला लाल खूण मिळणार. आणि ती विचारणार, बाळा, हे असं का?

मामांनी तपासणी बंद केली. उद्या करू, असं स्वतःशी म्हणाले. कोणी विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं, उद्या करणार होतो. विचारायला कोणी नव्हतं.

उद्या आला, परवा आला. मामांनी इतर सगळी कामं केली. टेबलाचे खणसुद्धा आवरले. सिस्टर त्या उदाहरणाशी आल्या तेव्हा मामा खुर्ची पुढं ओढून बसले, शाळकरी पोरासारखे. पहिला प्रयत्न मामांनी मनात मांडला होता अगदी तसाच: स्वच्छ, नेटका, सदतीस पूर्णांक तीन. लाल. आता मेसेज येईल म्हणून ते पेटी उघडून बसले.

मेसेज आला नाही. दुसरा प्रयत्न आला. सिस्टरांनी बेरीज वेगळ्या पद्धतीनं केली होती, उत्तर तेच. लाल. तिसऱ्यात नोंदी एकेक करून तपासल्या होत्या. लाल. मामा घरी गेले तोवरही काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर प्रयत्नांची रांग लागलेली. आणि आता प्रोग्राम बिघडू लागला होता. जे बरोबर होतं तेच सिस्टर उपसून काढत होत्या. भागाकार बदलला होता, मग नोंदींची संख्या बदलली होती, एके ठिकाणी विनाकारण एक मिळवला होता. चांगल्या शिवलेल्या कपड्याची शिवण कोणी वेड्यासारखी उसवत जावी, तसं. बरोबर उत्तर हातात असलेल्या माणसानं ते टाकून चुकीचं शोधत फिरायचं, हे मामांनी पूर्वीही पाहिलं होतं. पण तेव्हा ते नुसते बघणारे होते.

तरीही त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं ठरवलं. एवढ्यात विचारतीलच. विचारलं की लगेच दुरुस्त करू, माफी मागू, मग दोन शब्द बोलणं होईल.

सुट्टीत डबा उघडला आणि मेसेज आला. ‘माझं उत्तर बरोबर आहे’ या बटणातून तो आलेला नव्हता. ‘नोंदणी रद्द’ या दुसऱ्याच बटणातून आला होता. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं:

“तापाची सरासरी मी जन्मभर काढली. आता ती येत नाही, म्हणजे डोक्यानं दगा द्यायला सुरुवात केली असं समजते. या वयात आपल्यालाच आपलं कळलेलं बरं. तिथल्या एका माणसानं मला खूप मदत केली, त्याला आभार कळवा.”

मामांनी घास परत डब्यात ठेवला. त्यांनी डबा झाकला, तपासणी उघडली आणि ती दुरुस्ती केली. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ लागला. सिस्टरांचा पहिला प्रयत्न पुन्हा तपासणीतून काढला, हिरवी खूण पडली. रद्दची मागणी त्यांनी पुढं जाऊ दिली नाही.

मग लिहायला बसले. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं सुरू केलं, पुसलं. ‘नजरचुकीनं’ लिहिलं, तेही पुसलं. शेवटी लिहिलं ते असं:

“सिस्टर, तुमचं पहिलंच उत्तर बरोबर होतं. तपासणी चुकीची होती. मला ते आधीपासून माहीत होतं. दुरुस्त केलं असतं तर तुम्ही अडला नसता आणि मला लिहिलं नसतं, म्हणून मी ते तसंच ठेवलं. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. दोष माझा आहे.”

पाठवलं. मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली एक माणूस स्कूटरला किक मारत होता आणि ती सुरू होत नव्हती.

उत्तर आलं त्यात एक फोन नंबर होता आणि दोन शब्द: “फोन कर.”

मामांनी नंबर फिरवला. पलीकडे फोन उचलला गेला आणि आवाजांचा लोंढाच कानावर आदळला. भांडी, टीव्ही, कोणीतरी रडणारं लहान मूल, कोणीतरी ओरडणारं मोठं माणूस.

“कोण? थांब हं. अगं, तो टीव्ही बारीक कर आधी! हां, बोल. कोण बोलतंय?”

“मी... साहाय्य विभागातून.”

“बाळा! थांब, गॅलरीत येते. अहो, सरका जरा, मला जाऊ द्या. तुमचं पेपर वाचणं म्हणजे वाटेतली म्हैस.” दार लोटल्याचा आवाज आला, गलका निम्म्यावर आला. “हां. बोल आता.”

खिडकीशी बसलेली ती एकटी म्हातारी कुठल्या कुठे गेली होती.

“तुमच्याकडे... बरीच माणसं आहेत,” ते म्हणाले.

“आहेत की. दोन मुलं, सुना, चार नातवंडं, आणि हे आमचे. शिवाय समोरची येऊन-जाऊन असतेच. नातीनं सुरू केलं ते पायथन, तिच्याबरोबर मीही बसले. ती कंटाळली, मी राहिले. का रे?”

“काही नाही. मला वाटलं होतं, तुम्ही एकट्या असाल.”

सिस्टरांचा आवाज आता वेगळा झाला. वॉर्डात असाच असेल, असं मामांना वाटलं.

“कालपासून मी माझ्या नातीलाही सांगितलं नाही, बाळा. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी हिशेब चुकायला लागले, मग माणसं चुकायला लागली. काल मी औषधाच्या गोळ्या दोनदा मोजल्या. तीनदा मोजल्या. आईचं तुला माहीत नव्हतं, ते ठीक. पण पेशंट घंटा वाजवील म्हणून त्याला मुद्दाम ताटकळत ठेवणारी नर्स मी बघितली असती तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर ठेवली नसती.”

“हो,” मामा म्हणाले. “बरोबर आहे तुमचं.”

“घरी कोण आहे तुझ्या?”

“कोणी नाही.”

“आई?”

“गेली.”

“हं.” सिस्टरांनी श्वास सोडला. “बोलायचं होतं तर सरळ ‘बोलायचं आहे’ असं लिहायचं होतंस. इतकं अवघड असतं का रे ते?”

मामांना सांगायचं होतं की हो, असतं. पण तेवढ्यात पलीकडे दार उघडलं, कोणीतरी ‘आई, बाळानं काय तोंडात घातलंय बघा’ असं ओरडलं, आणि सिस्टर “अगं, उलटा धर त्याला, आले!” म्हणत धावल्या. जाता जाता म्हणाल्या, “ये हं कधीतरी घरी.” पत्ता दिला नाही. आपण कुठं राहतो हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मामांनी विचारलं नव्हतं. माणसं फोन ठेवताना म्हणतात तसं ते म्हणणं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं.

सिस्टरांनी नोंदणी रद्द केली नाही. उरलेले धडे पुरे केले. शेवटच्या उदाहरणाला हिरवी खूण पडली त्या दिवशी एक मेसेज आला, ‘झालं एकदाचं! सुखी राहा बाळा.’ मामांनी अभिनंदन लिहिलं. त्यानंतर त्या पानावर काही हललं नाही.

मामांनी मॅडमनाही सांगितलं, व्हिडिओ कॉलवर, मान खाली घालून. की एक चूक माहीत असून मी दोन-तीन दिवस तशीच ठेवली, आणि का ठेवली तेही. मॅडम दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी वाचत होत्या. “अहो मामा, एखादी तपासणी राहते मागे, त्यात काय एवढं? तुमच्याइतकं चोख कोण आहे इथं?” त्या म्हणाल्या. मामांनी ‘का ठेवली’ ते पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा सांगायलाच बळ पुरलं होतं.

मग त्यांनी एक काम मनावर घेतलं. पहिल्या धड्यापासून शेवटापर्यंत एकूण एक तपासणी ते उघडून बसले. तक्रार यायची वाट न बघता. मोकळ्या जागा माफ केल्या. शेपटं माफ केली. मोठं अक्षर, लहान अक्षर चालवून घेतलं. ज्यांनी नुसतं उत्तर छापून चलाखी केली त्यांना पकडायला आकडे बदलून पुन्हा पुन्हा तपासायची सोय केली. लाल खुणेखाली नुसतं ‘चूक’ न म्हणता नेमकं कुठं बिनसलं ते सांगणाऱ्या ओळी लिहिल्या, आणि त्या लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारलं, हे वाचून कोणाला आपलं डोकं बिघडलं असं तर वाटणार नाही ना? बरेच महिने गेले त्यात. वाकडं अंगण ओस पडलं. काही दिवस तर पेटीत एकही तक्रार नसे. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, स्क्रीनवरच्या चौकटीचौकटींतून पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऑफिसची जागा सोडायचं ठरलं. सगळे घरूनच काम करतात, मग एका माणसासाठी भाडं कशाला? मामांना हे पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. लिफ्टवाल्याला त्यांनी शेवटच्या दिवशी सांगितलं, उद्यापासून येणार नाही. तो म्हणाला, “बरं आहे तुमचं.”

दुसऱ्या खोलीतले कपडे मामांनी कपाटात घातले आणि तिथं टेबल मांडलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाहिलं, की दुपार झाली की आपण मोठ्यानं तपासण्या वाचतोय. वाचणं थांबवलं तर खोली फार मोठी वाटे.

घराजवळ एक सार्वजनिक वाचनालय होतं. एक दिवस मामा तिथं गेले आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, “मला शनिवारी एक टेबल मिळेल का? पायथन शिकताना कोणी अडलं असेल तर मी बसेन त्यांच्याबरोबर. फुकट.”

बाईंनी त्यांना चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही कुठल्या संस्थेकडून?”

“कुठल्याच नाही. मला... बोलायला आवडेल कोणाशी. येतं मला ते, म्हणून.”

हे बोलताना त्यांचे कान तापले होते. बाईंनी मात्र फारसं काही न दाखवता कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि दारावर चिठ्ठी लावली.

पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या वेळी एक कॉलेजची मुलगी लगबगीनं आली, मामा सावरून बसले, ती म्हणाली, “ही खुर्ची नेऊ?” आणि समोरची खुर्ची घेऊन गेली. पुढच्या खेपेला एक गृहस्थ बसले, ते मोबाइलमध्ये अक्षरं मोठी कशी करायची ते विचारायला. मामांनी ती मोठी करून दिली. गृहस्थ मग बराच वेळ बसले, पण पेपर वाचत.

मग एकदा पाऊणशे वयाचा दिसणारा एक उंच माणूस आला. घड्याळजी होता, दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला. पिशवीतून जुना लॅपटॉप काढला. कोणत्या तरी दुसऱ्याच कंपनीचे धडे होते. पडद्यावर लाल खूण होती.

“दोन आठवडे झाले,” घड्याळजी म्हणाला. “तेच सांगतंय. चूक. माझं काही जातच नाही आत डोक्यात.”

“तसं म्हणू नका,” मामा जरा मोठ्यानंच बोलले. आजूबाजूच्या दोघांनी वर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आधी आपण बघू, कोण चुकतंय ते. तुम्ही मला एकेक ओळ वाचून दाखवा. काय म्हणायचंय तुम्हाला तिथं?”

घड्याळजीनं चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला मामांना चूक दिसली होती, आणि ती खरोखर घड्याळजीचीच होती. बोट पुढं जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि ऐकत राहिले. घड्याळजी मध्येच थांबला, आपल्या दुकानातल्या एका हट्टी घड्याळाची गोष्ट सांगू लागला, ती लांबली. वाचनालय बंद व्हायच्या सुमाराला बाई दिवे मालवत त्यांच्या टेबलापर्यंत आल्या तेव्हा ते तिसऱ्या ओळीवर होते.

“पुढच्या शनिवारी असता ना?” घड्याळजीनं लॅपटॉप मिटत विचारलं.

“असतो,” मामा म्हणाले.

घड्याळजी पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्या आला, गुडघा धरला होता म्हणाला. मामांनी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.